'दिसलीच नाही' असं चालक म्हणतो तेव्हा: सायकल आणि मोटारीची धडक नेमकी कशाने होते

एका आईने विचारलं आहे: "आमची मुलगी नववीत आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत सायकलवरून क्लासला जाते. गेल्या महिन्यात मेन रोडने सरळ जात असताना एक मोटार तिच्या बाजूने पुढे आली आणि लगेच डावीकडे गल्लीत वळली. मुलगी तिच्या दारावर आदळून पडली, मनगट मोडलं. चालक म्हणतो, 'दिसलीच नाही, एकदम आडवी आली.' घरातले म्हणतात, आता सायकल बंद. अशा धडका कशामुळे होतात? आणि आमच्या मुलीचं यात काय चुकलं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर मुलीचं काही चुकलेलं नाही. ती डाव्या कडेने सरळ चालली होती. वळणाऱ्याने आधी आपल्या डाव्या अंगाला कोण आहे ते बघायचं असतं, आणि हा चालक तर काही क्षणांपूर्वीच तिला मागे टाकून पुढे आला होता.

मी २६ वर्षं मोटार वाहन निरीक्षक होतो. अपघातातली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवली की तिचे ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे तपासायचे, कुठे काय लागलंय ते मोजायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. 'दिसलीच नाही' आणि 'एकदम आडवी आली' ही दोन वाक्यं मी सतत ऐकली. पहिलं बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं खोटं नसतं, पण चुकीचं असतं. आपल्याला जे आधी दिसलेलं नसतं ते दिसतं तेव्हा एकदम आल्यासारखंच वाटतं. म्हणून 'का दिसली नाही' इथे चौकशी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती नेमकी इथेच थांबते.

माणूस काहीही सांगो, पत्रा आपलं वेगळं सांगतो. सायकलचं मागचं चाक दुमडून आठ झालं असेल, सीटची नळी पुढे वाकली असेल, तर मागून धडक. पुढचं चाक अंड्यासारखं चेपून ते चाक धरणारा चिमटा मागे सरकला असेल, तर सायकलच जाऊन गाडीवर आदळली. दोन्ही चाकं सरळ, पण हँडलची मूठ आणि पायडल एकाच अंगाने खरवडलेलं असेल, तर गाडी घासून गेली. मोटारीच्या अंगावरची धूळही बोलते. धूळ पुसली गेल्याचा पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, खरवडलेला रंग कोणत्या टोकाला गोळा झालाय, यावरून दोघांपैकी जास्त वेगात कोण होतं ते कळतं. तुमच्या प्रकरणात त्या मोटारीचं डावं दार बघायला हवं होतं. हँडलच्या उंचीवर ओरखडा असेल आणि तो पुढून मागे गेलेला असेल, तर मुलगी आडवी आलेली नाही, मोटार तिच्या अंगावर वळली आहे. गाडी दुरुस्त झाली नसेल तर आजही फोटो काढता येतील.

आता तुमच्या लेकीला झालेल्या धडकेकडे येतो, कारण शहरात वारंवार होणारी आणि फार कमी समजलेली धडक हीच. राजारामपुरीची रचना बघा. एक मेन रोड आणि त्याला ओळीने फुटलेल्या नंबराच्या गल्ल्या. प्रत्येक गल्लीचं तोंड म्हणजे डाव्या वळणाची एक जागा. मोटारवाला सायकलला ओलांडतो तेव्हा त्याच्या मनात सायकल 'झाली, मागे गेली' अशी नोंद होते. पण गल्लीसाठी त्याला वेग कमी करावा लागतो, आणि सायकल मात्र आपल्या वेगाने येतच असते. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त पुढे सरकते. म्हणजे तीन सेकंदांत एका मोठ्या बसइतकं अंतर. मोटारवाल्याने मागे टाकलेली मुलगी वळणाच्या क्षणी पुन्हा त्याच्या दाराशी असते. तो तेव्हा समोर गल्लीत बघत असतो. डाव्या आरशात बघितलंच, तरी ती आरशाच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्याच्या मधल्या आंधळ्या पट्ट्यात असू शकते. त्या पट्ट्यात काय आहे ते कळायला मान वळवावीच लागते, आणि मान वळवून बघणारे चालक मी फार थोडे पाहिले.

समोरून येऊन उजवीकडे वळणारी गाडी हा याचाच दुसरा चेहरा. तो चालक समोरच्या रांगेत फट शोधत असतो. फट शोधणारा डोळा ट्रक, बस, मोटार मोजतो. सायकल त्याच्या हिशेबातच नसते. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो, त्या उडीच्या क्षणात आपल्याला काहीच दिसत नाही आणि ते जाणवतही नाही. उजवीकडे एक नजर, डावीकडे एक नजर, चल. दोन नजरांच्या मध्ये सायकल पूर्ण हरवू शकते. त्यात काचेच्या कडेचा खांब. नव्या गाड्यांचे हे खांब छताच्या मजबुतीसाठी जाड झाले आहेत, आणि चालकाच्या जवळचा उजवा खांब वीस मीटरवरची अख्खी सायकल झाकू शकतो. सायकल आणि मोटार एकाच बिंदूकडे सारख्या प्रमाणात सरकत असतील तर ती चौकापर्यंत त्या खांबाआडच राहते. डॅशबोर्डवरची मूर्ती, लटकता हार, काचेवर चिकटवलेला मोबाइल ही त्यात आपली भर. देवाला गाडीत जागा असावी, पण नजरेच्या रेषेत नसावी, असं मी कितीतरी जणांना हात जोडून सांगितलंय.

सुट्टीच्या दिवशी बिंदू चौक आणि महाद्वार रोडच्या आसपास यात आणखी एक गोष्ट मिसळते. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावहून आलेला माणूस पार्किंग शोधत असतो. त्याला रस्ता माहीत नसतो, मोबाइल 'डावीकडे वळा' म्हणतो आणि तो वळतो. त्या भागात मुलीला एवढंच सांगा, की हळू चाललेली, चाचपडणारी गाडी दिसली की तिच्या डाव्या अंगाला जायचंच नाही, मागे थांबायचं.

वेगाचं सांगतो, कारण बाकी सगळ्या कारणांचं शेवटी काय होणार ते वेग ठरवतो. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ३० ने चाललेली मोटार तेवढ्यात साडेबारा मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटर. साडेसतरा मीटरमध्ये थांबली. ५० ने चाललेलीला एकूण ३५ मीटर लागतात, ६० ने चाललेलीला ४५. आता हे बघा: ५० वाला जिथे पूर्ण थांबतो, त्याच जागी ६० वाला अजून ४० पेक्षा जास्त वेगात असतो. दहाचा फरक घड्याळात किरकोळ वाटतो, पण तिथे सायकल असेल तर एकाचा फक्त श्वास अडकतो आणि दुसऱ्याकडून माणूस उडतो. पावसात हे अंतर आणखी वाढतं. विद्यापीठाकडून उजळाईवाडीकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर किंवा कावळा नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. तो दोष नुसता चालकाचा नाही, रुंद सरळ रस्ता स्वतःच वेग मागतो. म्हणून मला गल्लीच्या तोंडाशी रस्ता थोडा उंच करणं, कोपरे आत घेऊन वळण चिंचोळं करणं हे उपाय फलकांपेक्षा जास्त पटतात. कोपरा काटकोनात असला की कुणालाही ३० ने वळता येत नाही.

दाराची धडक थोडक्यात. कडेला उभ्या मोटारीचं उजवं दार उघडतं आणि सायकलवाला त्यावर जातो, किंवा ते चुकवायला उजवीकडे झुकतो आणि मागच्या गाडीखाली येतो. उपाय दोन्ही बाजूंनी सोपा आहे. चालकाने दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे खांदा वळतो आणि मागे आपोआप नजर जाते. सायकलवाल्याने उभ्या गाड्यांपासून दाराएवढं, म्हणजे निदान मीटरभर अंतर ठेवायचं. आपण मुलांना 'कडेकडेने जा' सांगतो ना, तिथे ही एक दुरुस्ती करा: कडेने जा, पण गाड्यांना चिकटून नाही.

मोठ्या गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आणि गंभीर आहे. बस किंवा ट्रक डावीकडे वळायच्या आधी थोडा उजवीकडे जातो, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतील. डावीकडे जी मोकळी जागा तयार होते ती सायकलवाल्याला वाट वाटते. तो आत शिरतो. मग गाडी वळते आणि मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, एक ते दीड मीटर आत कापत येतात. ती वाट मिटून जाते. चालक उजवीकडे उंच बसलेला, डाव्या पुढच्या कोपऱ्यालगत उभा माणूस त्याला काचेतून दिसत नाही आणि आरशात दिसेल याची खात्री नाही. ट्रकच्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकांमध्ये जे आडवे साइड गार्ड असतात ते पडलेला माणूस आत ओढला जाऊ नये म्हणून. ते वाकलेले, तारेने बांधलेले किंवा काढून टाकलेले मी स्वतः पाहिलेत, आणि त्यासाठी गाड्या अडवल्याही आहेत. तुमच्या मुलीने एकच नियम पाळला तरी खूप झालं: थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डावीकडून कधीच पुढे जायचं नाही, सिग्नल लाल असला तरी.

उलट्या दिशेने सायकल चालवण्याबद्दल लोक चिडून बोलतात. मी चिडत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाला महामार्ग ओलांडायला लांबचा बोगदा गाठावा लागतो, पाळी चुकली तर पगार कापला जातो, म्हणून तो सेवा रस्त्याने उलटा येतो. त्याचं कारण मला समजतं, पण गणित त्याच्या विरुद्ध आहे. त्याच दिशेने चालला असता तर ५० च्या गाडीशी त्याचा फरक ३५ चा होता, उलटा आला की ६५ चा होतो. चालकाला विचार करायला निम्माच वेळ उरतो. शिवाय आतल्या रस्त्यावरून बाहेर पडून डावीकडे वळणारा फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. हा मात्र डावीकडून आलेला असतो. ओलांडायची सोय जवळ करून दिली की उलटे जाणारे बरेच कमी होतील, असं माझं मत मी नोकरीतही बैठकीत मांडलं होतं आणि आजही तेच आहे.

शहरात धडका जास्त, पण जीव जातो तो बहुतेक उघड्या रस्त्यावर, अंधारात, मागून. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बावडा-शिये रस्त्यावर रात्री एकदा उभं राहून बघा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लोंबणाऱ्या वाड्यांमध्ये, म्हणजे उसाच्या शेंड्यांमध्ये, दिवे झाकलेले. टायर बसलेली ट्रॉली कडेला दगड लावून उभी, तिला ना दिवा ना पट्टी. ती चुकवायला सायकलवाला रस्त्यात येतो आणि मागून गाडी. किंवा सायकलवालाच तिच्यावर जाऊन आदळतो. खालच्या प्रकाशझोतात गडद कपड्यातला माणूस चालकाला इतक्या उशिरा दिसतो, की ५० च्या वेगालाही ३५ मीटर पुरतील याची खात्री नाही. समोरून कुणी वरचा झोत मारला की तेवढंही नाही.

अशाच एका हंगामातली एक सायकल मला अजून दिसते. काळी, २२ इंची, कामगाराची. पुढचं चाक बोटाने फिरवलं तर एकसारखं फिरत होतं. मागचं चाक दुमडून सीटखाली घुसलेलं, मडगार्ड कॅरिअरला गुंडाळला गेलेला. कॅरिअरवर ट्यूबच्या रबराने बांधलेला जेवणाचा डबा तसाच होता, झाकणही निघालेलं नव्हतं. मी मडगार्डावरचा तांबडा रिफ्लेक्टर शोधला तर तिथे वाळलेल्या मातीचा गोळा. अंगठ्याने तो खरवडला, रुमाल ओला करून पुसला, आणि टॉर्च मारला तर लखकन तांबडा उजेड परत आला. चांगला होता तो. नुसता मळलेला होता. त्या दिवसापासून मी भेटेल त्या सायकलवाल्याचा रिफ्लेक्टर आपल्याच रुमालाने पुसतो, लोक बघत राहतात.

त्यामुळे मुलीच्या सायकलला मागे तांबडा दिवा लावा, दिवसाही चालू ठेवला तर चांगलं. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर निघाले असतील तर परत बसवा. ते वर-खाली हलतात आणि हलणारे दोन ठिपके बघून चालकाच्या मेंदूला 'हा माणूस आहे' हे लगेच कळतं. स्थिर ठिपका कशाचाही असू शकतो.

रस्त्याचं आणि पावसाचं आपल्याकडे एकमेकांशी नातं आहे. पहिल्या वळवाच्या पावसात धूळ आणि सांडलेलं तेल एकत्र होऊन जो थर तयार होतो तो जुलैतल्या संततधारेपेक्षा निसरडा. रंगवलेले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, चिरडलेला ऊस, सगळं घसरतं. खड्डा चुकवायला सायकल अर्धा मीटर उजवीकडे येते आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी चिकटून ओलांडत असतो. 'सायकल आडवी आली' यातल्या कित्येक घटना मुळात खड्ड्याच्या असतात. म्हणूनच ओलांडताना दीड मीटर सोडा म्हणतो. हे अंतर सायकलवाल्याच्या डगमगण्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

आता तुमच्या घरातल्या सायकलकडे या. बऱ्याच मुलांना 'वाढत्या अंगाची' सायकल घेऊन दिलेली असते. दोन वर्षं चालेल हा हिशेब मला कळतो, पण सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागत नसतील तर मूल चौकात थांबायचं टाळतं, आणि न थांबण्यातूनच अपघात होतो. दुसरं, पुढचा ब्रेक. उलटून पडेल या भीतीने तो ढिला ठेवलेला किंवा काढूनच टाकलेला मी असंख्य वेळा पाहिलाय. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की भार पुढे येतो. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाबत, ही सवय मैदानात लावा. तिसरं, स्टीलची चकाकती रिम. पावसात तिच्यावर रबर जवळजवळ पकडतच नाही. ॲल्युमिनियमची रिम त्या मानाने बरीच चांगली. रेनकोटची टोपी आणि हँडलला अडकवलेलं दप्तर, दोन्ही बंद. एकाने बाजूचं दिसत नाही, दुसरं कधी चाकात जाईल सांगता येत नाही. हेल्मेट घाला, हनुवटीखाली पट्टा घट्ट करून. त्याने धडक टळत नाही, डोकं वाचतं.

कायद्याचं दोन ओळींत. सायकल हे कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नाही, तिला लायसन्स-विमा लागत नाही. हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे, आणि कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा. एक्स-रे, बिलं, मोडलेली सायकल, काही टाकू नका.

सायकल बंद करू नका, ही माझी विनंती आहे. रस्त्यावर सायकली जितक्या जास्त दिसतात तितकी चालकांची नजर त्यांना शोधायला शिकते, हे जगभर दिसून आलंय. आणि नववीतली मुलगी आज घाबरून उतरली तर पुन्हा चढत नाही, हेही मी पाहिलंय.

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी हो म्हटलं, की एका रविवारी सकाळी तिला घेऊन जनता बझार चौकाजवळ या. सायकल नको, पायी. एका गल्लीच्या कोपऱ्यावर वीस मिनिटं दोघी उभ्या राहा आणि तिला एकच काम द्या: वळणाऱ्या प्रत्येक गाडीचं पुढचं चाक बघायचं. चालकाचा चेहरा नाही, इंडिकेटरही नाही. इंडिकेटर खोटा असू शकतो, चेहरा काचेत दिसत नाही. चाक मात्र गाडीचं नाक फिरायच्या आधी फिरतं. पहिल्या पाच-सहा गाड्यांना तिला ते उशिरा दिसेल. मग ती गाडी वळायच्या आधीच 'ही वळणार' म्हणायला लागेल. दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगू लागली की पुढच्या रविवारी सायकल काढा. ती पुढे, तुम्ही तिच्या मागे थोड्या उजवीकडून, सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आत.